सोपे विजय

अडतीस वर्षें मीं एका तालुक्याच्या गांवीं गणित शिकविलें आणि संध्याकाळीं मुलामुलींचे खेळ घेतले. तेव्हां खेळाविषयीं बोलण्याचा माझा अधिकार मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे. त्याहून अधिक मी सांगत नाहीं. आज ज्या खेळाडूंविषयीं बोलणार आहें त्यांना मीं प्रत्यक्ष कधीं पाहिलेलेंहि नाहीं. त्या अमेरिकेंतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुली, आणि त्यांचा खेळ बास्केटबॉलचा. माझी पुतणी लग्नानंतर त्या राज्यांत राहावयास गेली आणि त्या संघाची अशी भक्त झाली कीं तिच्या पत्रांत घरच्या खुशालीच्या आधीं सामन्याचा निकाल येऊं लागला. १ एप्रिल २०१७ रोजीं सकाळीं तिचा फोन आला. रडवेल्या आवाजांत तिनें विचारलें, "काका, १११ सामने ओळीनें जिंकणाऱ्या मुली हरतात कशा?"

मास्तराला प्रश्न विचारला कीं उत्तर येवो न येवो, तो वही उघडतोच. मींहि उघडली. त्या वहींत जें जमत गेलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम तेथील व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे, नाहींतर पुढील बोलणें अधांतरीं राहील. अमेरिकेंत वरच्या श्रेणींत खेळणारीं महाविद्यालयें सुमारें ३५० आहेत. एवढ्यांनीं एकमेकांशीं खेळणें शक्य नाहीं, म्हणून त्यांचे लहान लहान गट पडले आहेत. अशा गटाला तेथें 'कॉन्फरन्स' म्हणतात. आपण मंडळ म्हणूं. हंगाम नोव्हेंबरांत सुरू होतो. प्रत्येक संघ तीसएक सामने खेळतो. त्यांतील निम्मे किंवा त्याहून अधिक आपल्या मंडळांतल्या संघांशीं. ते टाळतां येत नाहींत. उरलेले बाहेरच्यांशीं, ते प्रशिक्षक आपल्या इच्छेनें ठरवूं शकतो. मग मार्चांत राष्ट्रीय स्पर्धा. मुलींच्या स्पर्धेंत त्या वेळीं ६४ संघ असत. हरला तो घरीं गेला. लागोपाठ सहा सामने जिंकला तो विजेता. नोव्हेंबर ते मार्च हरण्याची मुभा, आणि त्यानंतर मुळींच नाहीं, असा हा प्रकार आहे.

कनेक्टिकट विद्यापीठ स्टॉर्स नांवाच्या लहानशा गांवीं आहे. शेजारच्याच राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ काढला. हिंवाळ्यांत बाहेर जातां येत नाहीं अशा दांडग्या पोरांना कोठेंतरी गुंतवावयाचें, एवढाच त्याचा हेतु होता. एका मास्तराची ही युक्ति जगभर गेली, म्हणून मला या खेळाविषयीं थोडा अधिक जिव्हाळा आहे, हें कबूल करतों. स्टॉर्स येथील मुलींचा संघ १९८५ सालीं गेनो ऑरिएमा यांनीं हातीं घेतला, आणि २०१६ पर्यंत त्या संघानें ११ वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें.

या अकरांपैकीं २०१३ चें विजेतेपद मला सर्वांत बोलकें वाटतें. त्या वेळीं कनेक्टिकट 'बिग ईस्ट' नांवाच्या जुन्या मंडळांत होतें, आणि त्याच मंडळांत नॉटर डेमचा संघ होता. त्या हंगामांत नॉटर डेमनें कनेक्टिकटला एकदां नव्हे, तीन वेळां हरविलें. पहिला सामना ७३–७२ असा एका गुणानें गेला. दुसऱ्यांत तीन वेळां जादा वेळ खेळावी लागली, तेव्हां ९६–८७ असा निकाल लागला. तिसरा, मंडळाचा अंतिम सामना, ६१–५९ असा अगदीं शेवटीं निसटला. बेलर विद्यापीठाशीं झालेला पराभव धरून त्या हंगामांत चार पराभव झाले. आमच्याकडे एखाद्या संघाची अशी गत झाली असती, तर गांवानें संघनायकाला चौकांत उभें केलें असतें. पुढें राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत हेच दोन संघ चौथ्यांदां समोरासमोर आले. कनेक्टिकट ८३–६५ असें जिंकलें. अंतिम सामन्यांत गांठ पडली लुईव्हिलशीं, म्हणजे पुन्हा त्याच मंडळांतील संघाशीं. तो सामना ९३–६० असा एकतर्फी झाला. नॉटर डेमच्या मुली कोठें अडवितात, कोणत्या क्षणीं आपली कोणती खेळाडू गडबडते, हें कनेक्टिकटला तीन वेळां किंमत मोजून कळलेलें होतें. चौथ्या वेळीं त्या मुलींना स्वतःविषयीं नवें कांहीं शिकावयाचें उरलेलें नव्हतें.

त्यानंतर मंडळच मोडलें. अमेरिकेंत हीं मंडळें मुलींच्या बास्केटबॉलसाठीं जुळत किंवा फुटत नाहींत. त्यांच्यामागें अमेरिकन पद्धतीचा फुटबॉल आणि त्याच्या प्रक्षेपणाचा पैसा असतो. नॉटर डेम २०१३ सालीं दुसऱ्या बलवान मंडळांत गेलें. लुईव्हिल एक वर्ष थांबून त्याच वाटेनें गेलें. कनेक्टिकट मागें राहिलें तें 'अमेरिकन अ‍ॅथलेटिक' या नव्या मंडळांत, जेथें त्याच्या तोडीचें मग कोणीच उरलें नाहीं. सात वर्षें कनेक्टिकट तेथें खेळलें. मंडळांतील साखळीचे आणि मंडळाच्या स्पर्धेचे मिळून १३९ सामने झाले. कनेक्टिकट १३९ जिंकलें. हरलें एकहि नाहीं.

असे सामने पाहण्याला माझी पुतणी मोठ्या हौसेनें जात असे. तिच्याकडून मीं एकच गोष्ट पुनःपुन्हां विचारून घेतली: मध्यंतरानंतर काय होतें? ती म्हणे, "मध्यंतरानंतर काय व्हायचें, काका? मुख्य मुली टॉवेल घेऊन बसतात, आणि राखीव मुली खेळतात." वहींत मीं हें वाक्य अधोरेखित करून ठेवलें आहे.

बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. प्रतिस्पर्धी दुबळा असला कीं विसाव्या मिनिटाला तीस गुणांची आघाडी होते, आणि मुख्य खेळाडू पंचवीसतीस मिनिटें खेळून बाजूला होतात. याचा फायदाहि आहे, तो नाकारूं नये. पाय ताजे राहतात, दुखापती कमी होतात, मागच्या बांकावरील मुलींना मैदान मिळतें. परंतु हंगामाचे दोनअडीच महिने असे गेले म्हणजे पस्तिसाव्या मिनिटाला दमलेल्या पायांनीं, बरोबरीचे गुण असतांना, चार फाउल अंगावर घेऊन कसें खेळावें, हें त्या मुलींना कोण शिकविणार? त्याहून बारीक गोष्ट चेंडू देण्याची आहे. ढिला पास दुबळ्या संघापुढें निभावतो, कारण आडवा हात अर्ध्या वीतभर उशिरां येतो. तोच पास बलवान संघापुढें हिरावला जातो. निभावून गेलेली चूक विद्यार्थ्याला चूक वाटतच नाहीं. लाल शाईची खूण न झालेलें गणित तो बरोबरच समजतो. खुद्द प्रशिक्षकालाहि शेवटच्या दहा सेकंदांत चेंडू कोणाच्या हातीं द्यावा तें कळत नाहीं, कारण शेवटचे दहा सेकंद नांवाची गोष्ट त्यानें महिनोन् महिने पाहिलेली नसते. आणि समोरचा संघ मैदानावर पाऊल ठेवतांनाच मनानें हरलेला असतो. त्याच्या भीतीनें मिळवून दिलेले गुण आपल्या कौशल्यानें मिळविले असें वाटूं लागतें, हा तर मला सर्वांत मोठा धोका दिसतो.

येथें चाणाक्ष श्रोता मला अडवील. त्याच मंडळांत राहून कनेक्टिकटनें २०१४, २०१५ आणि २०१६ अशीं तीन वर्षें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, त्याचें काय? २०१४ सालीं तर ४० सामन्यांत ४० विजय, आणि अंतिम सामन्यांत तोंवर अपराजित असलेल्या नॉटर डेमचा ७९–५८ असा पराभव. आक्षेप रास्त आहे, आणि पुष्कळ दिवस मला त्याचें उत्तर सुचलें नाहीं. आतां सुचतें तें असें. त्या संघांत ब्रियाना स्टुअर्ट होती, जिनें २०१३ पासून ओळीनें चारहि वर्षें विजेतेपद आणि स्पर्धेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. २०१६ सालीं व्यावसायिक संघांनीं नव्या खेळाडू निवडल्या तेव्हां पहिल्या तिन्ही जणी कनेक्टिकटच्या निघाल्या. असा संघ इतका वरचढ असतो कीं त्याला शेवटच्या दहा सेकंदांची वेळच येत नाहीं. उणीव तेव्हांहि असेल, पण तिची परीक्षा घेणारा कोणी नव्हता. स्टुअर्ट आणि तिच्या सोबतिणी गेल्या, संघ सर्वोत्तम राहिला पण अजिंक्य राहिला नाहीं, आणि मग ती उणीव उघडी पडली.

२०१६ च्या मार्चांत याच संघानें मिसिसिपी स्टेटला ९८–३८ असें हरविलें होतें. साठ गुणांनीं! हरणाऱ्या मुलींनीं तो आंकडा वर्षभर उराशीं बाळगला असेल. ३१ मार्च २०१७ रोजीं डॅलस येथें उपांत्य सामन्यांत पुन्हा त्यांचीच गांठ पडली. मिसिसिपी स्टेटचें वर्ष आग्नेयेकडील एका कडव्या मंडळांत गेलें होतें. साउथ कॅरोलायनासारखा संघ तेथें होता, आणि त्याच्याकडून त्यांनीं मारहि खाल्ला होता. त्या मुलींनीं सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली. कनेक्टिकटनें ती भरून काढली, हें त्यांच्या योग्यतेला शोभलेंच. सामना जादा वेळेंत गेला. ६४–६४ अशी बरोबरी असतां चेंडू कनेक्टिकटच्या हातीं होता, सेकंद मोजके उरले होते, आणि चेंडू गेला. मिसिसिपी स्टेटची मॉर्गन विल्यम, उंची अवघी साडेपांच फुटांच्या आंत, हिनें शेवटच्या क्षणीं उडी घेऊन बास्केट केली. ६६–६४. माझ्या पुतणीचा फोन आला तो यानंतर.

पुढील वर्षीं कनेक्टिकट पुन्हा ३६ सामने अपराजित राहून उपांत्य फेरींत आलें. समोर नॉटर डेम. पुन्हा जादा वेळ. एक सेकंद उरला असतां अरीके ओगुनबोवाले हिची बास्केट, ९१–८९. २०१९ सालीं पुन्हा नॉटर डेम, पुन्हा उपांत्य सामना. शेवटच्या भागांत हातीं असलेली आघाडी गेली आणि ८१–७६ असा पराभव झाला. तीन वर्षांत तीन वेळां त्याच पायरीवर ठेंच लागली, आणि तिन्ही वेळां सामन्याच्या अखेरच्या भागांत.

मी गणिताचा शिक्षक आहें. तीन उदाहरणांवरून सिद्धांत मांडूं नये हें मला समजतें. बास्केटबॉलमध्यें शेवटच्या क्षणीं टाकलेला चेंडू कड्यावरून आंत पडतो कीं बाहेर, यांत दैवाचा भाग असतोच. पुरुषांच्या खेळांतील गोंझागा विद्यापीठ पाहा. स्पोकेन शहरांतील हें लहान विद्यापीठ पश्चिम किनाऱ्यावरील दुबळ्या मंडळांत वर्षानुवर्षें राज्य करीत आलें. २०२१ सालीं त्याचा संघ एकहि सामना न गमावतां राष्ट्रीय उपांत्य फेरींत पोंचला, आणि तेथें जादा वेळेंत अगदीं अखेरच्या क्षणीं ९३–९० असा जिंकला. माझ्या म्हणण्याप्रमाणें त्यानें तेथें गडबडून जावयास हवें होतें. तो गडबडला नाहीं. दोन दिवसांनीं अंतिम सामन्यांत बेलरनें आरंभींच ९–० अशी मुसंडी मारली आणि ८६–७० असा त्याचा धुव्वा उडविला, ही गोष्ट माझ्या बाजूनें जाते. पण आपल्या बाजूचें तेवढें सांगावें आणि दुसरें गाळावें, हें बरें नव्हे.

ऑरिएमा स्वस्थ बसले होते असेंहि नाहीं. मंडळ दुबळें म्हणून बाहेरचे सामने त्यांनीं मुद्दाम कठीण निवडले. २०१६ च्या नोव्हेंबरांत फ्लॉरिडा स्टेटशीं त्यांचा संघ ७८–७६ असा जेमतेम तरला. डिसेंबरांत मेरीलँडशीं ८७–८१. सरावासाठीं विद्यापीठांतील धिप्पाड मुलांना मुलींविरुद्ध उभें करण्याची रीत तेथें आहे, तीहि ते वापरीत. पण सरावाला गुणफलक नसतो, आणि डिसेंबरांतील अनुभव मार्चपर्यंत शिळा होतो. जानेवारीपासून मार्चपर्यंत बहुतेक मंडळच. त्या काळांत मंडळानें त्यांना एकदांच घाम फोडला: साउथ कॅरोलायनाला हरवून ओळीनें शंभरावा विजय साजरा केल्यानंतरच्या लगेचच्या सामन्यांत न्यू ऑर्लिअन्सच्या ट्युलेन संघानें त्यांना ६३–६० पर्यंत खेंचलें. ट्युलेनच्या मुली हरल्या, पण त्या संध्याकाळीं त्यांनीं कनेक्टिकटवर मोठा उपकार केला असें मी मानतों. असे उपकार करणारे मंडळांत आणखी चारपांच असते तर!

हें सगळें मला इतकें जवळचें कां वाटतें, तेंहि सांगून टाकतों. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. पहिलीपासून पहिला नंबर, तोहि दुसऱ्याच्या पुढें पंचवीसतीस गुणांनीं. गांवाला त्याचा अभिमान, मला तर गर्वच. मी त्याला वर्गाचींच गणितें देत असें. तीं तो अर्ध्या वेळांत सोडवी आणि उरलेल्या वेळांत खिडकींतून बाहेर पाही, आणि मला त्याचेंहि कौतुक वाटे. मॅट्रिकच्या परीक्षेला तो शहरांत गेला. गणिताच्या पत्रिकेंत तिसराच प्रश्न त्याला अडला. तो त्या प्रश्नापाशीं पाऊण तास बसून राहिला. पुढचे पांच प्रश्न त्याला येत होते. ते त्यानें वाचलेहि नाहींत. निकालानंतर तो मला भेटावयास आला. "गुरुजी," तो खालीं मान घालून म्हणाला, "न सुटणारें गणित मला पूर्वीं कधीं भेटलेंच नव्हतें. तें सोडून पुढें जायचें असतें, हें ठाऊक नव्हतें." त्यानें मला दोष दिला नाहीं. दोष माझाच होता. कठीण गणितांचें पुस्तक माझ्या कपाटांत होतें. तें मीं त्याला दिलें नाहीं, कारण त्याचा पैकीच्या पैकीं गुणांचा कागद मुख्याध्यापकांना दाखविण्यांत मला सुख वाटत असे.

पुतणीला मीं हें पत्रांत लिहिलें तेव्हां तिला तें फारसें रुचलें नाहीं. "म्हणजे आमच्या मुलींनीं मुद्दाम हरावें कीं काय?" असें तिचें उत्तर आलें. मुद्दाम कोणी हरूं नये. पण ज्याच्याशीं हरण्याची शक्यता आहे त्याच्याशीं खेळावें, आणि हंगामाच्या मध्यावरहि खेळावें.

२०२० सालीं कनेक्टिकट नव्यानें उभ्या राहिलेल्या 'बिग ईस्ट' मंडळांत परत गेलें. हें मंडळ जुन्यासारखें कडवें नाहीं; नॉटर डेम आणि लुईव्हिल तेथें आतां नाहींत. तरीहि ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं व्हिलनोव्हानें ७२–६९ असा विजय मिळविला आणि मंडळांतील ओळीनें १६९ विजयांची माळ तुटली. कनेक्टिकटची प्रमुख खेळाडू तेव्हां दुखापतीनें बाहेर होती, हें खरें. तो संघ त्या वर्षीं राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि साउथ कॅरोलायनापुढें ६४–४९ असा हरला.

शेवटीं २०२४–२५ चा हंगाम. मंडळांत कनेक्टिकट पुन्हा अपराजित राहिलें, म्हणजे तेथून शिकण्यासारखें थोडेंच आलें. पण बाहेरच्यांनीं त्यांना तीन वेळां हरविलें: डिसेंबरांत नॉटर डेमनें ७९–६८ आणि सदर्न कॅलिफोर्नियानें ७२–७० असें, फेब्रुवारींत टेनेसीनें ८०–७६ असें. या वेळीं एक पराभव तरी ऐन हंगामाच्या मध्यावर आला होता. टेनेसीच्या पराभवानंतर दहा दिवसांनीं त्याच मुलींनीं साउथ कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर जाऊन ८७–५८ असा विजय मिळविला. मार्चअखेर सदर्न कॅलिफोर्नियाचा ७८–६४ असा परतफेडीचा पराभव झाला; मात्र त्या संघाची अव्वल खेळाडू जखमी होती, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. ६ एप्रिल २०२५ रोजीं अंतिम सामन्यांत साउथ कॅरोलायना ८२–५९ असें हरलें, आणि कनेक्टिकटचें बारावें विजेतेपद पुरें झालें. शेवटच्या मिनिटांत मुख्य मुलींना बाहेर बोलावून घेतलें आणि राखीव मुली आंत गेल्या.

आमच्याकडे ती मध्यरात्र उलटून गेलेली होती. सकाळीं पुतणीचा फोन आला. मीं विचारलें, "कसें झालें?" तिनें निकाल सांगितला नाहीं. "काका, आधीं नांवें ऐका," ती म्हणाली, "नॉटर डेम, सदर्न कॅलिफोर्निया, टेनेसी," आणि मग गुण सांगितले.